नाताळचा टर्की

वसईच्या आमच्या घरी नाताळच्या जेवणात टर्की कधीच नव्हता. गावठी कोंबडा, फार तर बदक, आणि उन्हाळ्यात कुटून ठेवलेला बाटली मसाला, एवढीच आमच्या सणाची श्रीमंती. टर्की होता तो मुलांच्या इंग्रजी वाचनपुस्तकातील चित्रात. नोकरीच्या निमित्ताने आम्ही उभयतांनी वर्धा जिल्ह्यातील आष्टीला बिऱ्हाड हलविले, तेव्हा हा पक्षी तेथे भेटेल असे कोणी म्हटले असते तर आम्ही हसलो असतो.

आष्टी म्हणजे १९४२ च्या ऑगस्टमध्ये ज्या गावाने रक्त सांडले ते गाव. सभोवार कापूस, तूर आणि संत्र्याच्या बागा. येथे आपल्या श्रद्धेचे कुटुंब शेजारी सापडत नाही. मोठ्या सणाच्या मिस्सेसाठी आम्ही तळेगाव गाठतो आणि महामार्गाने तिवसा, मोझरी मागे टाकीत अमरावतीच्या संत फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रलमध्ये जातो. आगमनकाळातील अशाच एका रविवारी संध्याकाळी मुलांना घेऊन बागांच्या वाटेने फिरत होतो. आंबिया बहराची संत्री उतरून झाडे मोकळी झाली होती. एका झोपडीवजा घरामागून गुडगुड असा विचित्र आवाज आला आणि पाहतो तो काय, शेपटीचा पंखा उभारून, पंख जमिनीला घासत एक काळा टर्की मोठ्या ऐटीत येरझाऱ्या घालीत होता. पाहता पाहता त्याच्या गळ्याची लाल लोळी फिकट झाली, कपाळ निळसर झाले. धाकटा म्हणाला, “याला राग आलाय!”

या पक्ष्याची जन्मभूमी अमेरिका, परंतु नावांनी त्याला जगभर हिंडविले आहे. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरविले, फ्रेंचांनी हिंदुस्थानचा, तर डच त्याला चक्क कालिकतचा कोंबडा समजत. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव ‘पेरू’. आपण मात्र पेरू म्हणून फळ खातो! १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून काही अपूर्व प्राणी जहांगीर बादशहाकडे नेले, त्यांत हाही होता. सरड्यासारखे रंग पालटणारे त्याचे डोके पाहून बादशहा इतका चकित झाला की त्याने आपल्या आठवणींत त्याचे वर्णन लिहून ठेवले. दरबारी चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाला जे नवल वाटले तेच आमच्या धाकट्याला वाटले, यात काय नवल!

घरधनीण बाहेर आल्या. वयाने मोठ्या, म्हणून आम्ही त्यांना काकू म्हणू लागलो. असे चार पक्षी त्यांच्याकडे होते. नाताळसाठी एक द्याल का, असे विचारले. “देतो नं जी. तीन हजार.”

आम्ही बावीसशे म्हटले. का म्हटले, हे आजही नीटसे सांगता येत नाही. तीन हजार आम्हांला जड नव्हते. पण बाजारात पहिला भाव मान्य करणारा मूर्ख ठरतो, अशी एक समजूत हाडीमासी खिळलेली असते. काकू काही वेळ गप्प राहिल्या आणि अखेर पंचवीसशेला तयार झाल्या. परतताना आम्ही उभयता काहीसे विजयी मुद्रेने चालत होतो, हे कबूल केलेच पाहिजे.

चोवीस तारखेच्या पहाटे पक्षी आणावयास गेलो. काकूंचा मुलगा त्याचे पाय बांधीत होता. काकू तेथे थांबल्या नाहीत; चुलीपुढे जाऊन बसल्या. आम्हीही तेथेच टेकलो आणि चहा होईतो त्या बोलत राहिल्या. नागपूरहून भावाने बारा अंडी आणून दिली होती. कोंबडीची अंडी एकवीस दिवसांत फुटतात, टर्कीची अठ्ठावीस दिवस घेतात. खुडूक कोंबडी आठवडाभर जास्त बसावी म्हणून तिची केवढी मनधरणी! नऊ पिल्ले निघाली. टर्कीचे पिल्लू समोर दाणे असूनही खायचे शिकत नाही, तसेच उपाशी मरते. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले, पाण्यात दूध घाला, उकडलेले अंडे कुस्करून चोचीत भरवा. हिरव्या रंगाकडे ती धावतात, तेव्हा कोवळा पाला चिरून पुढे टाका. कोंबड्यांत मिसळू नका, त्यांच्यापासून यांना रोग होतो. पंधरा दिवस काकू रात्री दोनदा उठून भरवीत होत्या. तरी पाच गेलीच.

“लेकराईच्या च्याचं दूध याईले पाजलं म्या,” त्या सहज म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता.

चहा आमच्या घशाखाली उतरेना. वसईला आमची आई पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन दादरला जात असे. दुपारी परतली की पाय चोळीत म्हणे, पालकाच्या जुडीमागे पैसा कमी करणाऱ्या बाईला विहिरीचे पाणी ओढावयास लावले पाहिजे. ती बाई आता आम्हीच झालो होतो.

ठरलेले पंचवीसशे दिले आणि वर पाचशेची नोट पुढे केली. काकूंनी ती घेतली नाही. “सौदा झाला तो झाला,” एवढेच म्हणाल्या.

पक्षी भरला साडेसहा किलो. अख्खा भाजावयास भट्टी कोठली? तुकडे करून बाटली मसाल्यात मुरविले आणि शेजाऱ्यांच्या मोठ्या पातेल्यात मंद आचेवर रस्सा केला. मध्यरात्रीच्या मिस्सेहून आम्ही पहाटे परतलो. दुपारी गव्हाणीजवळच पंगत मांडली. शेजारची मंडळी आली. मांस न खाणाऱ्यांसाठी करंज्या होत्या. मांस चविष्ट झाले होते, छातीचे जरा कोरडे. धाकट्याने एक तुकडा पुष्कळ वेळ पानात फिरविला आणि शेवटी खाल्ला.

सव्वीस तारखेला रश्श्याचा डबा, करंज्या आणि ती नोट घेऊन पुन्हा काकूंकडे गेलो. करंज्या मुलांनी दारातच संपविल्या. रस्सा काकूंनी मुलाला दिला, स्वतः चाखला नाही. नोटेकडे त्यांनी पाहिलेही नाही.

“मग पुढच्या नाताळसाठी दोन ठेवाल का?” आम्ही विचारले.

“ठेवतो. पण भाव आत्ताच सांगा.”

“तीन हजार.”

काकूंनी अंगणातल्या उरलेल्या तिघांकडे पाहिले. “पस्तीसशे,” त्या म्हणाल्या, “दूध महाग झालं जी.”

आम्ही होकार दिला आणि ती नोट विसार म्हणून पुढे केली. या वेळी त्यांनी ती घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली.