उरलेल्या नव्वद कामट्या

आमच्या घरी माझा उल्लेख ‘उद्योगी’ या विशेषणाने होतो. त्यात कौतुक किती अन् कंटाळा किती, हे बोलणाऱ्याच्या स्वरावरून ओळखावे लागते. सौभाग्यवतींच्या स्वरात दुसऱ्याचे प्रमाण अंमळ जास्त. काडेपेटीला टाचणीने भोक पाडून मी एकदा कॅमेरा केला होता. त्यातून निघालेल्या एकुलत्या एका छायाचित्रात आमचे व्याही कोणते अन् त्यांच्यामागचे नारळाचे झाड कोणते, हे अद्याप निश्चित झालेले नाही. डोंबिवलीच्या आमच्या गच्चीत सायकलच्या चाकातल्या तारेचे एक छायाघड्याळही आहे. तार उत्तरेकडे १९ अंशांत उचललेली, कारण डोंबिवलीचा अक्षांशच तेवढा. हे घड्याळ ऋतूप्रमाणे भिंतीवरच्या घड्याळापेक्षा २० ते ५० मिनिटे मागे असते. आपली सरकारी वेळ पडली दूर पूर्वेकडच्या रेखावृत्ताची. हे सारे मी एकदा जेवताना समजावून सांगितले.

“अहो, म्हणजे जन्मभर तुम्ही ऑफिसात सूर्याच्या हिशेबानं वेळेवरच पोचत होतात म्हणायचं!” सौभाग्यवती म्हणाल्या आणि आमटी वाढून मोकळ्या झाल्या.

छंदिष्ट माणसाने अशा बोलण्याचा विषाद मानू नये. मात्र हे खूळ माझ्यात आले कुठून, ते सांगायचे तर लालबागच्या चाळीत, १९७१ सालच्या दिवाळीपर्यंत मागे जायला हवे.

आमचे अण्णा गिरणीत साच्यावर होते. शाळा चौथीत सुटलेली. पण तुटलेला धागा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सांधणारी ती बोटे, घरी आल्यावरही स्वस्थ बसत नसत. दरवर्षी आकाशकंदील घरीच व्हायचा. बुरुडाकडून बांबू आणायचा, कामट्या काढायच्या, स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायची, पतंगी कागद डकवायचा, खाली झिरमिळ्या सोडायच्या, हा आमचा दिवाळीचा पहिला फराळ.

त्या वर्षी मी नववीत होतो, आणि भूमिती नुकतीच डोक्यात चढली होती. रद्दीतल्या एका मासिकात १९७० सालच्या मेक्सिकोतल्या विश्वचषकाचे चित्र मिळाले. काळ्या पंचकोनांचा अन् पांढऱ्या षटकोनांचा तो चेंडू पाहून मी हरखून गेलो. ओल्या मातीचा गोळा करून त्यावर रेघा ओढल्या, पुन्हा पुन्हा मोजल्या. पंचकोन १२, षटकोन २०. अण्णांना म्हटले, “यंदा कंदील असा करू.”

“कामट्या किती लागतील?”

मी ऐटीत वही उघडली. बारा पंचे साठ, वीस सख्खे एकशेवीस. एकूण १८०. अण्णांनी मान डोलावली. चार-चार इंचांच्या १८० कामट्या म्हणजे ६० फूट बांबूची पट्टी! पाळीवरून आल्यावर तीन रात्री ते कामट्या तोडीत, तासून गुळगुळीत करीत बसले. एकदा बोटात कुसळ गेले, तर आईने सुईने काढून दिले आणि माझ्याकडे एक कटाक्ष टाकला.

बांधायला बसलो, तेव्हा मी एक पंचकोन पुरा केला अन् शेजारच्या षटकोनासाठी सहा कामट्या मोजून घेतल्या. अण्णांनी माझा हात धरला.

“थांब. ही एक बाजू झालेलीच आहे की.”

“ती पंचकोनाची आहे, अण्णा.”

अण्णा हसले. त्यांनी गुरुजींच्या खोलीकडच्या भिंतीवर बोटाने टकटक केले. “ही भिंत कुणाची? आपली की गुरुजींची?”

“दोघांची.”

“मग दोन बांधल्या आहेत का?”

मी वही मिटली. प्रत्येक कामटी दोन घरांची सामाईक भिंत होती. १८० चे निम्मे ९०. हे मला भूमितीच्या पुस्तकाने शिकवले नाही. शिकवले ते चौथीत शाळा सुटलेल्या माणसाने.

कंदील होणे सोपे नव्हते. त्रिकोण असता तर जागचा हलला नसता; पंचकोन-षटकोन मात्र दोऱ्याच्या गाठींवर लटपटतात. सांगाडा सारखा मान टाकी. शेवटी अण्णांनी पंचकोनांत पुठ्ठे बसवले, षटकोनांत कागद डकवले, आणि कागद वाळून ताणला गेला तसा कंदील ताठ उभा राहिला. कामटीच्या जवळजवळ पाचपट व्यास! गॅलरीत टांगला तेव्हा सारी चाळ बघायला लोटली.

तेवढ्यात गुरुजींचे लक्ष कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेले. “काय हो, दुसरा कंदील करताय की काय?”

मी अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, “नाही हो. मोजणीत घोळ झाला. आम्ही पडलो अडाणी, पोराला विचारायचं सोडून तोडत बसलो.”

सगळे हसले. मीही हसलो. आजतागायत विसरलेलो नाही ते हे हसणे. “चूक माझी” हे दोन शब्द तेव्हा उच्चारायचे होते, ते मी गिळले. अण्णांनी उरलेल्या नव्वद कामट्यांची जुडी बांधली, वर्तमानपत्रात गुंडाळली अन् चुलीवरच्या माळ्यावर ठेवून दिली. धुरात बांबूला कीड लागत नाही म्हणाले.

पुढच्या दिवाळीत ते म्हणाले, “नव्वद तयारच आहेत. नुसत्या बांधायच्या.” मी म्हटले, “आता बाजारात छान मिळतात.” ती जुडी मला नजरेसमोर नको होती. अण्णा काही बोलले नाहीत.

वर्षे गेली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि अण्णांचा साचा थांबला तो थांबलाच. १९९६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कर्ल, क्रोटो आणि स्मॉली या तिघांना मिळाले. कार्बनचे ६० अणू एकत्र येऊन नेमका आमच्या कंदिलाचा आकार धरतात, हे त्यांनी १९८५ साली शोधून काढले होते. त्या वेळी स्मॉली रात्री घरी कागदाचे षटकोन कापून चिकटवत बसले. नुसत्या षटकोनांचा गोळा काही वळेना, पंचकोन घातले तेव्हा वळला. मी धावत अण्णांना हे सांगितले. लिओनार्दो दा विंचीने याच आकाराचा पोकळ सांगाडा, अगदी कामट्यांचा दिसावा असा, १५०९ साली छापलेल्या एका ग्रंथासाठी काढला होता, हेही सांगितले. अण्णांनी सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, “त्यांच्या काही उरल्या का रे?”

त्यांच्या डोळ्यांत मिस्कील हसू होते. त्यांनी दार उघडे करून दिले होते. मी नुसता हसलो. त्यानंतर दोन वर्षांनी अण्णा गेले.

चाळ पाडायची ठरली तेव्हा खोली रिकामी करताना जुडी सापडली. ८३ कामट्या शाबूत होत्या. सातांचे मात्र भुंग्याने पीठ केले होते. यंदा नातीला सुट्टी लागली, तसा मी बांबू आणून सात नव्या तासल्या आणि तिच्यापुढे चेंडू ठेवून विचारले, “कामट्या किती लागतील?”

तिने कागदावर भराभर आकडे मांडले. “एकशेऐंशी, आजोबा!”

मी काही बोललो नाही. नव्वदची जुडी तिच्यापुढे ठेवली. तीन दिवस आम्ही बांधत होतो. शेवटची गाठ मारली तेव्हा जुडीत एकही कामटी उरली नव्हती. तिने कंदिलाकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, एका कामटीवरून बोट फिरवले.

“अय्या, मी प्रत्येक बाजू दोनदा मोजली! मी चुकले, आजोबा.”

इतके सहज म्हणाली पोरगी. जणू पाणी मागावे तसे.

मग मी तिला ऑयलरचा नियम सांगितला: कोपऱ्यांतून कडा वजा करून पृष्ठे मिळवली की दोन उरतात. ६० वजा ९०, अधिक ३२. तिने ताळा करून पाहिला. १८० कडा धरल्या तर उत्तर उणे ८८ येते, म्हणून खूप हसली. मग मी तिला गुरुजींची भिंत सांगितली, अण्णांच्या तीन रात्री सांगितल्या, आणि शेवटी म्हटले, “तेव्हा मोजणी चुकली होती ती माझी. अण्णांची नव्हे.”

“मग तुम्ही सांगितलं नाहीत?”

“नाही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आता सांगितलंत ना. चला, दिवा लावू.”

आज गॅलरीत तो कंदील लागला आहे. सात नव्या कामट्या जुन्यांहून उजळ आहेत. पण आत दिवा लागला की नवी कोणती अन् अण्णांनी तासलेली कोणती, हे खालून कुणाला ओळखू येत नाही. सौभाग्यवती मघाशी बराच वेळ खाली उभ्या राहून पाहत होत्या. वर येऊन म्हणाल्या, “उद्योगीच आहात अगदी!”

या खेपेस स्वर निराळा होता.