आईच्या साडीची यो-यो फुले

आईच्या सुती साडीचे काठ पार विरले होते. नेसवत नव्हती, टाकवत नव्हती. म्हणून आम्हा तिघी बहिणींसाठी तिच्या यो-यो फुलांचे उशीचे अभ्रे करायला घेतले. एका अभ्र्याला सात ओळी, ओळीत सात, म्हणजे 49. तिघींचे मिळून 147!

12 सेंमीचे गोल कापायचे. कड 5 मिमी आत दुमडत धावदोरा घालायचा आणि दोरा ओढून गाठ मारायची. साडेपाच सेंमीचे फूल होते. टाके बारीक घेतले तर मधले भोक मोठे राहते. 6 मिमीचे घेतले की छान मिटते.

हल्ली माझी बोटे आखडतात. सून म्हणाली, "मम्मी, मशीनवर करा ना." केली. सर्वांत लांब टाका, ताण सैल, मग बॉबिनचा दोरा हलके ओढायचा. पण माझ्या मशीनचा लांब टाका 4 मिमीचाच, आणि कड दुमडायची हातानेच. बी.कॉम.चा हिशेब केला तर बचत थोडीच!

म्हणून बोटे दुखतील त्या दिवशी मशीन, एरवी सुई. सुईने वेळ लागतो. तेवढा वेळ आईची साडी हातात राहते.