धानी लोकांचे काय झाले?

आकाशयानांच्या गोष्टींचे मला वेड आहे हे आमच्या शाळेत सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याचे कुणालाही कौतुक नाही. मास्तराने, त्यातून कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराने, मावळातल्या भातशेतीविषयी लिहावे, किल्ल्यांविषयी बोलावे; परग्रहावरच्या बंडखोरांची उठाठेव त्याने कशाला करावी? पण १९९८ साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ सुरू झाला, तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. मिलिंद सोमण अंतराळात गुन्हेगारांचा पाठलाग करी आणि मी छपरावरचा अँटेना फिरवीत बसे. ते वेड पुढे कमी झाले नाही. अँटेना तेवढा गेला.

२०२२ च्या सप्टेंबरात ‘अँडोर’ नावाची अमेरिकन मालिका सुरू झाली. ‘स्टार वॉर्स’च्या जगातली, पण तिच्यात प्रकाशाच्या तलवारी नाहीत, राजकन्या नाहीत. आहेत ते कारकून, भंगारवाले, शिपाई, आणि पोटासाठी बंडात ओढला गेलेला एक चोर. पहिले तीन भाग एकदम आले आणि मग दर बुधवारी एक. हॉटस्टारचे पैसे भाच्याने भरलेले, दूरदर्शनसंच माझा. इंग्रजी मला अर्धे कळते. उरलेले भाचा सांगतो, आणि त्यातले निम्मे तो स्वतःच्या पदरचे घालतो असा माझा संशय आहे.

मी सांगतो आहे तो सहावा भाग. १२ ऑक्टोबर २०२२ चा बुधवार. बाहेर भात पिवळे पडू लागले होते. आल्धानी नावाच्या डोंगराळ ग्रहावर साम्राज्याच्या फौजेने एका धरणातच आपले ठाणे केले आहे, आणि तिथे फौजेच्या पगाराचा खजिना आहे. बंडखोरांची एक लहानशी टोळी तो लुटणार. मुहूर्त यात्रेचा. दर तीन वर्षांनी त्या खोऱ्यावरचे आकाश उल्कांनी पेटते, आणि तिथले मूळचे रहिवासी, त्यांना धानी म्हणतात, तो ‘डोळा’ पाहायला पायी येतात. भाच्याच्या तोंडून मला प्रथम ‘धनी’ असे ऐकू आले. म्हटले, बरे आहे, धनी कोण ते नावातच सांगितले. पण त्यांच्या मालकीचे तिथे काहीच उरले नव्हते. त्यांना केव्हाच डोंगर उतरवून खाली कारखान्यांच्या वस्तीत नेऊन बसवले होते.

धरण पडद्यावर आले आणि मी पुढे सरकून बसलो. करडी भिंत, मागे हिरवे डोंगर, वर ढग. मला वाटले, हे आपले वळवण! ते खरोखरीचे धरण आहे. स्कॉटलंडातल्या क्रुआखन डोंगरावरचे, १९६५ साली सुरू झालेल्या वीज केंद्राचे. आमच्याकडे हा उद्योग पन्नास वर्षे आधी झाला. लोणावळा, वळवण आणि शिरोटा या तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली पाचशे मीटरांहून अधिक खोल खोपोलीला सोडले, आणि १९१५ साली त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाराने धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तो या विजेच्याच कारणाने. डोंगरातले धरण पाहून आमच्याकडच्या माणसाला गार वाटत नाही. या पाण्याखाली कोण होते, हे त्याच्या मनात आधी येते.

त्या भागात ठाण्याचा सुभेदार वरिष्ठ पाहुण्याला आपल्या कारभाराची रीत समजावून सांगतो. यात्रेकरू एकदम अडवायचे नाहीत. वाटेत निवारे बांधायचे, स्वस्त दारूचे गुत्ते घालायचे. निघतात पुष्कळ, पोचतात मूठभर. (द्रुतगती मार्ग ओलांडून कार्ल्याच्या एकवीरेकडे पाहणाऱ्याला ही युक्ती फारशी परकी वाटणार नाही, फक्त आमच्याकडे ती कुणी ठरवून केली असे म्हणता येत नाही.) आणि पुढे तो म्हणतो की या लोकांपुढे नेहमी दोनचार पर्याय ठेवावे. निवड करण्यात ते असे गुंततात की मुळात मागितलेले काहीच मिळाले नाही, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

मी भाच्याला म्हटले, “थांबव जरा.”

“मामा, आत्ता कुठे रंगतंय!”

तरी त्याने थांबवले. माझ्या आईचे माहेर पवनेच्या धरणात गेले. ती तेव्हा परकरी पोर होती. आजोबांसमोर एका साहेबाने कागद ठेवला होता: या गावची जमीन घ्या, की त्या गावची, की रोख रक्कम. कोणते गाव बरे, यावर घरात महिनाभर भांडणे झाली. मोठे मामा एका बाजूला, धाकटे दुसऱ्या. गाव सोडायचे की नाही हे कुणी विचारलेच नव्हते, हे आजोबांच्या लक्षात आले तेव्हा डोंगराच्या अंगाला नवे घर उभे राहिले होते. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याच्यामागे अशी एक विद्या असू शकते, हे मला अमेरिकेतल्या एका लेखकाने सांगितले.

पुढचा भाग विलक्षण आहे. धानी दरीत उभे राहून गात असतात, आकाश पेटत असते, आणि त्या आगीतून चोरांचे यान वर निघते. उल्का काचेवर येऊन फुटतात. एक कोवळा पोर, बंडाचा जाहीरनामा लिहीत असलेला, त्या खजिन्याच्याच भाराखाली चिरडला जातो. भाचा पलंगावर उभा राहिला. माझेही डोळे भरले. मालिका संपली तेव्हा तो म्हणाला, “मामा, मारलं की नाही साम्राज्याला?”

मारले खरे. पण आई कोपऱ्यात तांदूळ निवडीत बसली होती. भाषा तिला कळत नव्हती, पण डोंगर आणि माणसे कळत होती. तिने विचारले, “अन् फुडच्या खेपेला भरली का रं त्यांची जत्रा?”

पुढच्या बुधवारी मी त्याच प्रश्नासाठी बसलो. सातव्या भागात राजधानीत बैठक होते, कडक फर्माने निघतात. त्यांत एक असे की, स्थानिक सणांचा आणि चालीरीतींचा आडोसा बंडासाठी वापरला गेला तर ती मुभा कायमची बंद. एवढे एक वाक्य येते आणि कथा पुढे निघून जाते. म्हणजे यात्रेच्या आडून लूट झाली. लुटणारे काही मेले, काही सुटले. आणि हिशेब चुकता केला तो गाणे म्हणत उभ्या राहिलेल्या माणसांनी. तेही पडद्यामागे. मला त्या बंडखोरांचा राग येत नाही. लेखकाचा थोडा येतो. इतके पाहणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दरीत का गेला नाही?

भाचा म्हणतो, “मामा, मग गोष्ट लांबली असती.” लांबली असती तर काय बिघडले असते? ९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध बऊरजवळ द्रुतगती मार्गावर लोक उतरले आणि गोळीबारात तीन शेतकरी गेले. वर्तमानपत्रे आठवडाभर भरून वाहिली. दुसऱ्या आठवड्यात त्या घरांतून कोण शेतावर गेले, हे मात्र आम्हा मावळातल्या लोकांनाच ठाऊक.

पवनेचे पाणी उन्हाळ्यात उतरले की वाघेश्वराचे देऊळ उघडे पडते. आई गुडघे दुखत असतानाही चिखल तुडवीत जाते, ओल्या दगडावर हळद-कुंकू वाहते आणि पावसाच्या आत परतते. यंदा वाटेत तिने मला पुन्हा तोच प्रश्न विचारला. ‘अँडोर’चे दुसरे सत्र २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत येऊन गेले, तेही बारा भागांचे. मी ते सर्व पाहिले, काही दोनदा. भाच्याच्या मते ते पहिल्याहून सरस आहे, आणि माझेही मत फारसे वेगळे नाही. आल्धानी मात्र पुन्हा पडद्यावर आले नाही. आईला मी तसे सांगितले.