एका नव्या शिलेदारास

चि. बाळास,
काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र परवा पोचले. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारातून तू चार वर्षांची कुमैत घोडी खरेदी केलीस, ती सुखरूप गावी आणून वाड्यामागच्या जुन्या पागेत बांधलीस, आणि आता तिच्या अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ, गळ्याखालचे देवमण खरे की दलालाने पटवून दिलेले, याविषयी माझा अभिप्राय मागितलास. भोवऱ्यांचे शास्त्र मी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे आणि त्याचा उपहास करण्याची माझी वृत्ती नाही. परंतु बाजारात भोवरे पाहणारे पुष्कळ भेटतात आणि चारी खूर उचलून पाहणारे थोडे, हेही मी जन्मभर पाहत आलो आहे. तिचे खूर टणक व एकसारखे असतील, दात सांगितलेल्या वयाशी जुळत असतील, दुडकीवरून थांबविल्यावर श्वास लवकर स्थिरावत असेल, आणि तू ठाणाजवळ गेलास म्हणजे तिचे कान तुझ्या दिशेने वळत असतील, तर घोडी चांगली आहे असे समज. राहिला प्रश्न तिच्या मालकाचा. त्याविषयी मात्र जरा विस्ताराने लिहावे असे मी योजिले आहे.

आपल्या जुन्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत, हे तू इतिहासात वाचले असशीलच. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडा आणि हत्यार ज्याचे स्वतःचे, तो शिलेदार. सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची जी व्यवस्था नोंदविली आहे, तीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद यांची नेमणूक आढळते; म्हणजे बारगिराच्या घोड्याला पाणी कोण पुरवील आणि नाल कोण ठोकील याची तजवीज वरूनच झालेली असे. शिलेदाराला ही सारी तजवीज आपली आपण करावी लागे. तू आज शिलेदार झाला आहेस. पैसे मोजले, पावती घेतली आणि वस्तू आपली झाली, हा व्यवहार जमिनीला आणि दागिन्याला लागू पडतो. घोड्याची मालकी म्हणजे दुसऱ्या एका जीवाच्या अन्नपाण्याचा, विश्रांतीचा आणि दुखण्याखुपण्याचा जाब रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःला द्यावयाचा, आणि तो देता देता आपल्या स्वभावाला जे वळण लागेल ते लागू द्यावयाचे. घोड्याने मला जे काही शिकविले त्याचे सार एवढेच आहे. पुढचा सगळा त्याचा तपशील.

पहिली शिकवण नेमस्तपणाची. इतक्या मोठ्या देहाच्या मानाने घोड्याचे जठर फारच लहान, दहा-पंधरा लिटरांहून अधिक त्यात मावत नाही. मोकळ्या कुरणात सोडला तर तो दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरत राहतो, आणि एकदा पोटात गेलेले त्याला ओकून टाकता येत नाही. म्हणून चंदी एकदम तोबराभर चारून आपण मोकळे व्हावे, ही सोय त्याच्या जिवावर बेतते. पोटशुळाने तळमळणारा, मागे वळून वळून आपल्याच कुशीकडे पाहणारा घोडा ज्याने एकदा पाहिला, तो वेळापत्रकाविषयी पुन्हा बेफिकीर राहू शकत नाही. हरभरा भिजविलेला असावा, कडब्याला बुरशीचा वास नसावा, पाणी स्वच्छ व मुबलक असावे, आणि ज्या दिवशी घोडीला काम नाही त्या दिवशी चंदीही कमी असावी. घोडा का अडला, याचे उत्तर आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण न फिरविलेल्या घोड्याला भरपूर दाणा घालीत राहिल्याने तो नुसता अडतच नाही, आजारीही पडतो, हे पुष्कळ जाणत्यांनाही ठाऊक नसते.

या नेमस्तपणाचे सर्वांत गंभीर निरूपण मला एका राजपत्रात वाचावयास मिळाले. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी जे ताकीदपत्र धाडले होते, ते तू अवश्य मिळवून वाच. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच मनास येईल तशी उधळाल, तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरी शिरून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा ओढून आणू लागाल. त्या गरिबांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असा त्याचा आशय आहे. पागेतील एका सैल मुठीपासून रयतेच्या उंबरठ्यापर्यंतची कार्यकारणाची ही साखळी ज्या दृष्टीला दिसली, ती दृष्टी राज्यकर्त्याची तर होतीच, पण घोडा बाळगणाऱ्याचीही होती. आपल्या आजच्या हयगयीची किंमत उद्या कोणीतरी दुर्बळ जीव मोजतो, हे घोड्याच्या ठाणावर जितके लवकर कळते तितके दुसरीकडे क्वचितच कळत असेल.

दुसरी शिकवण हातांची. चाकर ठेवण्याइतकी तुझी ऐपत आहे, हे मी जाणतो. तरी निदान पहिले वर्षभर खरारा तू स्वतः कर. मानेपासून सुरुवात करून खांदा, पाठ, कूस असा खाली येत जा, आणि एका हाताने खरारा चालू असता दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या अंगावर टेकलेला असू दे. कोठे कातडी थरथरते, कोठे ऊब अधिक लागते, खोगिराखाली कोठे केस घासले गेले आहेत, हे डोळ्यांच्या आधी तळव्याला समजते. मग खांद्याला खांदा लावून उभा राहा, हात पायावरून हळूहळू खाली ने, आणि तिने आपणहून भार दुसऱ्या पायांवर घेतला म्हणजे खूर उचल. मधल्या मऊ त्रिकोणी भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा टाचेकडून पुढे कोरीत ये. तेथे अडकलेला एखादा बारीकसा खडा दिवसभराच्या मजलीत तिला लंगडी करू शकतो. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून सहासात आठवड्यांनी नालबंदाला बोलाविण्यात चुकू नकोस. ही कामे हलकी समजून जो टाळतो, त्याची रपेट देखणी असू शकेल. परंतु आपण कोणाच्या पाठीवर बसलो आहोत, हे त्याला कधीच कळत नाही.

तिसरी शिकवण अंतःकरणाची, आणि ती सर्वांत कठीण. घोडा हा मुळात भक्ष्य होणारा, कळपाने राहणारा आणि धोका दिसताच पळून जीव वाचविणारा प्राणी; त्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंस असल्यामुळे कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर जवळजवळ सारा परिसर त्याला एकाच वेळी दिसत असतो, आणि कळपातल्या एकाची धास्ती क्षणात सर्वांची होते. तू त्याच्या पाठीवर बसलास की त्या कळपात तुझी गणना होते. तुझ्या मांडीचा ताण, लगामावरच्या बोटांची घट्ट झालेली मूठ, रोखून धरलेला श्वास, हे सारे त्याला शब्दांवाचून पोचते. माणसांच्या सभेत आपण भय झाकून धैर्याची आणि राग झाकून सौजन्याची बतावणी करू शकतो, आणि ती पुष्कळदा खपून जाते. घोड्यापुढे ती खपत नाही. तेथे शांत दिसून भागत नाही, शांत व्हावेच लागते. ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफन याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, असा कटाक्षाचा उपदेश आहे. इतक्या युगांनंतरही त्यात भर घालण्यासारखे मला फारसे काही सापडलेले नाही.

माझ्या लहानपणी आपल्या पागेत एक वृद्ध मोतद्दार होते. नव्याने आणलेली एक सब्जी घोडी पावसाळ्यानंतर प्रथमच ओढ्यावर आली आणि पाण्याची चकाकी पाहून जागच्या जागी खिळून उभी राहिली. मागून येणाऱ्या मंडळींनी चाबूक पुढे केला, तो त्यांनी न बोलता बाजूला सारला, बागडोर सैल सोडली, आणि घोडीच्या खांद्याशी पाण्याकडे तोंड करून ते स्वस्थ उभे राहिले. त्यांनी तिला ओढले नाही की चुचकारलेही नाही. गाड्या खोळंबल्या, ऊन चढू लागले. कितीतरी वेळाने घोडीने मान खाली घातली, नाकपुड्या पाण्याजवळ नेऊन फुरफुरली, एक खूर पुढे टाकून मागे घेतला, पुन्हा टाकला. आणि मग ती अशी सरळ चालत पैलतीराला गेली की पुढे भरल्या ओढ्यालाही ती कधी बुजली नाही. ज्याच्या तोंडाशी पाणी आहे त्याला त्याची खोली दिसत नसते, एवढेच म्हातारबाबा नंतर बोलले. थांबणे हे सामर्थ्याचे काम आहे, आणि धाकाने ओलांडलेला ओढा प्रत्येक वेळी नव्याने ओलांडावा लागतो, हे मला त्या दिवशी उमगले. पुढे मुले वाढविताना, हाताखालच्या माणसांकडून काम घेताना आणि स्वतःच्या मनाची समजूत घालताना त्याचाच मला उपयोग झाला.

महाभारतात जयद्रथवधाच्या दिवसाचे वर्णन आहे. सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पुरी झाली नाही तर अर्जुनाला अग्निप्रवेश करावयाचा आहे, एकेक घटका मोलाची आहे, आणि तरीही थकलेले व बाणांनी विद्ध झालेले घोडे पाहून श्रीकृष्ण भर रणांगणात ते रथाचे सोडतो. अर्जुन पायउतार होऊन शत्रूला थोपवून धरतो, घोड्यांसाठी पाणी निर्माण करतो, आणि श्रीकृष्ण त्यांच्या अंगांतील बाण उपटून, त्यांना चोळून, पाणी पाजून मगच पुन्हा जुंपतो. सारथ्याचे सारे तत्त्व मला या एका प्रसंगात दिसते. आपले कार्य कितीही मोठे असो, मुदत कितीही जवळ आलेली असो, जे जीव आपल्याला वाहून नेत आहेत त्यांची तहान त्या कार्याच्या आड येणारी गोष्ट नसून त्या कार्याचाच भाग आहे. तू आज कारखान्याचा कारभार पाहतोस, शंभर माणसे तुझ्या हुकमाखाली राबतात. तेव्हा ही गोष्ट तुला पागेइतकीच कचेरीतही उपयोगी पडेल.

आणखी एका गोष्टीचा विचार आजच करून ठेव. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, आणि त्यातली कामाची वर्षे संपल्यावरही पुष्कळ आयुष्य उरते. घोडी म्हातारी झाली म्हणजे ती बाजाराला काढण्याचा सल्ला तुला हिशेबी माणसे देतील. त्या वेळी आषाढी वारीतील रिंगणाचे स्मरण कर. बेळगावकडील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी आळंदीपर्यंत चालत येतात आणि माऊलींच्या पालखीबरोबर पंढरीची वाट चालतात. त्यांतला एक अश्व माऊलींचा, त्याच्या पाठीवर कोणीही मनुष्य बसत नाही, आणि चांदोबाच्या लिंबाला किंवा बाजीरावाच्या विहिरीला तो धावून गेला की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. कोणालाही वाहून न नेणाऱ्या घोड्याचा एवढा आदर ज्या मुलखात होतो, त्या मुलखातल्या माणसाने आपल्या थकलेल्या घोडीला उपयुक्ततेच्या तराजूत घालू नये. तिच्या म्हातारपणाचा खर्च तिच्या खरेदीच्या किमतीतच धरलेला आहे, असे मान. तो परवडणार नसेल तर घोडी आजच परत कर, त्यात कमीपणा नाही.

पण तू तसे करणार नाहीस, अशी माझी खात्री आहे. पहिले काही महिने फार लांबची रपेट करू नकोस. तंग कसताना ती पोट फुगवून धरील. रागावू नकोस, चार पावले चालवून पुन्हा कस. ज्या दिवशी मन क्षुब्ध असेल त्या दिवशी मांड ठोकण्याऐवजी नुसता खरारा करून ये. आणि वर्षभराने, घोडी किती तयार झाली हे लिहिण्याआधी, घरच्या मंडळींना, नोकरांना आणि शेजाऱ्यांना तू आता कसा वाटतोस, ते त्यांना विचारून मला कळव. तुझ्या शिलेदारीची हजेरी मी त्या उत्तरावरून घेईन.

सर्व मंडळींस यथायोग्य सांगावे. कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका