पाण्याची तारीख

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

पत्र पावले. वडिलांच्या सेवानिवृत्तीनिमित्त मालवणला संपूर्ण नाव ठरवून खोल समुद्रात मासेमारीची सहल काढावी, १ जूनची सकाळ उजाडेपर्यंत त्यांना याचा सुगावा लागू नये, आणि त्यासाठी नाव कोणती घ्यावी व आगाऊ रक्कम किती भरावी, एवढेच त्या पत्रात विचारलेले आहे. परंतु शेवटी शेवटी, सरकारी निवासस्थान रिकामे करताना माळ्यावर गळांची पितळी डबी सापडली आणि वडिलांना मासे धरता येतात हे वयाच्या एकतिसाव्या वर्षी समजले, असे जे एक वाक्य सहज लिहून टाकले आहे, त्याने पत्रलेखकाची त्या रात्रीची झोप गेली. माहुलीच्या घाटावर ज्यांचा गळ पाण्यात पडताना जुने भोईसुद्धा हातातले जाळे थांबवून पाहत, त्यांच्या मुलीला ही गोष्ट एका डबीने सांगावी, यात चूक कोणाची याचा निवाडा या पत्रात नको. भाचीची आई, आक्का, असती तर तिने तो एका वाक्यात केला असता.

प्रथम तारखेविषयी, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. दाजींची, म्हणजे भाचीच्या वडिलांची, १ जून ही जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची आहे, जन्माची नव्हे. खेड्यांतून जन्माची नोंद नियमाने होत नसे त्या काळी मुलाला शाळेत घालताना गुरुजी वयाचा अंदाज घेत आणि शाळेचे वर्ष जूनपासून धरले जात असल्यामुळे १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. त्यामुळे साताऱ्या-सांगलीकडच्या त्या पिढीतील असंख्य माणसांचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी येतो. पुढे सेवानियम असा की ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, त्याने वयाची ५८ वर्षे भरताना आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी कार्यभार सोडावा, आणि म्हणून दाजींचा निरोप समारंभ ३१ मे रोजी होणार. प्रत्यक्षात दाजींचा जन्म आषाढातल्या झडीत, कृष्णेचे पाणी मळीच्या शेतांत शिरले त्या रात्रीचा, असे त्यांच्या आई शेवटपर्यंत सांगत. ज्या माणसाची खरी तारीख पाण्याने ठरवली, त्याची सहल गुरुजींनी ठरवलेल्या तारखेवर बेतणे पत्रलेखकाला मुळातच पटत नाही.

आणि नेमका तोच १ जून समुद्राच्या पंचांगातही येतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्रचलित नौकांना मासेमारी बंद असते. या बंदीमागे दोन कारणे आहेत, एक म्हणजे अनेक जातींच्या माशांचा तो विणीचा काळ असतो, आणि दुसरे म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळून नावा बुडण्याचे भय असते. पर्यटकांच्या नावाही मेअखेरीस किनाऱ्याला ओढल्या जातात. पारंपरिक कोळी तर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात नाव घालत नसत. म्हणजे ज्या दिवशी दाजी मोकळे होतात त्याच दिवशी समुद्र बंद होतो, आणि त्या दिवसासाठी कोणी आगाऊ रक्कम घ्यायला तयार असेल, तर त्याच्या हाती वडिलांचा जीव देऊ नये. हे भाचीने चार ओळी वाचून ताडायला हवे होते. पुण्यात राहून पावसाचे महिने विसरायला होतात, हे मामाचे जुने गाऱ्हाणे आहे.

ज्याला हल्ली चार्टर म्हणतात ती पद्धत, म्हणजे ठरावीक वेळेसाठी तांडेल आणि खलाशी यांच्यासह संपूर्ण नाव एकाच कुटुंबाने भाड्याने घेणे, ही मुळात चांगली आहे यात वाद नाही. नाव सगळी आपल्याच माणसांची असली की परक्यांची घाई नसते आणि परतण्याची वेळ माणसाच्या मनावर राहते. कोकणात गरीने, म्हणजे दोरीला लावलेल्या गळाने, मासे धरण्याला गरवणे असा सुंदर शब्द आहे, आणि दिवाळीनंतर समुद्र निवला असताना देवबागच्या खाडीच्या मुखाशी बसून गरवण्यात जे सुख आहे ते दाजींनी एकदा तरी घ्यावे. परंतु ते दुसऱ्या वर्षी. पहिली नाव नदीतच पडली पाहिजे, आणि या मुद्द्यावर मामा हट्टी आहे असे वाटले तरी चालेल.

याचे कारण असे की दाजी आयुष्यभर पाण्यापाशीच नोकरीला होते. कालवा निरीक्षक, म्हणजे कालव्याचे पाणी कोणत्या चारीला किती वेळ जाते यावर देखरेख करणारा कर्मचारी, या नात्याने त्यांनी खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या ब्रिटिशकालीन कृष्णा कालव्यावर आणि नंतर इतरत्र पाण्याची आवर्तने सांभाळली. आवर्तन म्हणजे ठरलेल्या अंतराने कालव्यात सोडली जाणारी पाण्याची पाळी. क्युसेक, म्हणजे एका सेकंदाला एका ठिकाणावरून वाहणारे एक घनफूट पाणी, हे माप त्यांना काठावर उभे राहून नुसत्या नजरेने सांगता येते. एवढ्या वर्षांत त्या पाण्याकडे त्यांनी दुसऱ्याच्या उसासाठी, दुसऱ्याच्या गव्हासाठी पाहिले. डबी माळ्यावर कधी गेली हे पत्रलेखकाला ठाऊक आहे, आणि भाचीलाही त्या वर्षाचा विचार केला तर कळेल.

मग नदीवरही जूनमध्येच का जाऊ नये, असा प्रश्न येईल. मृगाचा पहिला पाऊस पडून ओढ्यांना गढूळ पाणी आले की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात, आणि ते काठीने, टोपलीने, हातानेही सापडतात, म्हणून गावोगाव त्या रात्री कंदील आणि बॅटऱ्या घेऊन गर्दी लोटते. पण ते मासे अंडी घालण्यासाठीच चढत असतात, पोटात गाभोळी भरलेली असते, आणि तेव्हा धरलेल्या एका मादीबरोबर पुढच्या वर्षीची हजारो पिल्ले संपतात. रोहू, कटला आणि मृगल हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे असून त्यांना विणीसाठी वाहते पाणी लागते, धरणाच्या थांबलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत; म्हणूनच जलाशयांत दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिल्ले, बाहेरून आणून सोडावी लागतात. मरळीची गोष्ट तर मनाला अधिक लागते: ती आपल्या पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर पुढे ठेवून स्वतः त्याच्या खाली पहारा देत फिरते, आणि तो लालसर थवा पाहूनच गळवाला तिचा ठाव घेतो. दाजींनी माहुलीला एकदा असा थवा दिसताच गळ गुंडाळून ठेवला होता, आणि त्या दिवशी घरी कालवण वांग्याचे झाले होते. असल्या माणसाला निवृत्तीची भेट म्हणून विणीच्या महिन्यात काठी हातात देणे म्हणजे त्याला न ओळखणे होय.

दख्खनच्या नद्यांचा खरा मानाचा मासा महसीर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीराचे शास्त्रीय वर्णन केले आणि खुद्री हे नाव त्याला कायमचे मिळाले. पुढे १८७३ मध्ये हेन्री सलिव्हन थॉमस याने हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातही या कुळाचा सन्मान मोठा आहे. धरणांनी नद्यांचे चढ-उतार तोडल्यावर तो ठिकठिकाणी दिसेनासा झाला, तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७०च्या सुमारास त्याची पिल्ले वाढवण्यास सुरुवात केली आणि ती देशातील अनेक पाण्यांत सोडली गेली. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात हे मासे देवीचे म्हणून राखले आहेत, त्यांना कोणी धरत नाही, भाविक त्यांना खाऊ घालतात. दाजींच्या गळाला महसीर लागलाच तर तो ओल्या हाताने धरून, पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून, त्याला पुन्हा बळ येईपर्यंत आधार देऊन सोडावा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मासा सुटूनही पुढे मरतो.

स्थळाबद्दल थोडक्यात. बामणोली आणि तापोळ्याहून शिवसागर जलाशयात, म्हणजे कोयना धरणाच्या मागे सुमारे ५० किलोमीटर पसरलेल्या फुगवट्यात, नावा मिळतात आणि वासोट्याखालचा तो निळा एकांत डोळे भरून पाहण्यासारखा आहे. पण लगतचे रान कोयना अभयारण्याचे असून २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तेव्हा तिथे काठी न नेता नुसते जावे. गळासाठी कराडच्या वरच्या अंगाला कृष्णेतच एखाद्या बंधाऱ्यामागचे संथ पाणी शोधावे. त्या पाण्याचा मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तिची परवानगी आधी घ्यावी, आणि तिच्याच एखाद्या जुन्या भोयाची नाव पहाटेपासून दुपारपर्यंत सगळी ठरवावी, कारण कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगल तळाशी, हे पुस्तकातून कळले तरी त्या ठिकाणी तळ किती खोल आहे आणि वाम कोणत्या खडकाच्या कपारीत बसते हे त्यालाच ठाऊक असते. आमिषाला गांडुळे आणि कणकेची गोळी पुरे. महागडी विलायती काठी विकत घेऊ नये. कळकाची काठी आहे, ती पत्रलेखकाच्या घरी पडवीत अजून टांगलेली आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लांबले ते लिहिणे भाग आहे. सांगलीच्या बाजूला, भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. मगर थंड रक्ताची असल्यामुळे हिवाळ्यात ऊन खायला काठावर येऊन पडते, म्हणजे मासेमारीला चांगले तेच महिने तिलाही काठावर आणतात; तेव्हा औदुंबरला दर्शन घ्यावे, पण तिथल्या काठावर पाय सोडून बसू नये, मग दाजी लहानपणापासून तिथे पोहत असल्याचे कितीही सांगोत. कोयनेच्या पायथा विद्युतगृहाची दोन्ही जनित्रे चालली की २,१०० क्युसेक पाणी नदीत येते, आणि मघाशी पायाखाली असलेला खडक बघता बघता बुडतो, म्हणून कराडच्या प्रीतिसंगमाच्या खाली नाव घालण्याआधी त्या दिवशीचा विसर्ग विचारावा. नावेत जितकी माणसे तितकी जीवरक्षक जाकिटे असावीत, आणि ती बाकाखाली नव्हे, अंगात असावीत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली, त्यात ज्यांचे प्राण गेले त्यांत नदीकाठी जन्म काढलेली माणसे होती. काठावर वाढलेल्याला पाणी ओळखते हा समज त्या दिवसापासून कोणी उराशी धरू नये. दाजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळच्या आहेत, पहाटे निघण्याच्या घाईत त्या राहतात, आणि राहिल्या तर ते सांगत नाहीत.

ते सांगत नाहीत, हीच खरी काळजी आहे. आक्का गेल्यापासून ते साताऱ्याला आले तरी माहुलीकडे फिरकत नाहीत. मागच्या पितृपक्षात संगमावर जायचे ठरले तेव्हा गाडीतून उतरलेच नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा दुखत नव्हता. नोकरी असेपर्यंत आवर्तनाच्या वेळापत्रकाने दिवस उचलून धरला होता; १ जूनपासून सकाळी उठून कोणत्या पाण्याकडे जायचे हे त्यांना कोणी सांगणार नाही. अशा माणसाला न विचारता समुद्रात नेऊन, नावेवर केक कापून, मासा हातात देऊन छायाचित्र काढणे याने एक दिवस जाईल. म्हणून भाचीने ही सहल लपवू नये. निरोप समारंभ आटोपून हार-नारळ घरी आले की त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, घरात कोणी पाहुणे नसताना, ती डबी त्यांच्यापुढे ठेवावी आणि नदी गळाला कधी येते एवढेच विचारावे. ते प्रथम काहीच बोलणार नाहीत. मग बहुधा दसऱ्यानंतर पाणी निवळल्यावर असे म्हणतील, किंवा रब्बीचे पहिले आवर्तन सुटण्याआधी. जी तारीख सांगतील ती लिहून घ्यावी आणि तीच धरावी, मग त्या दिवशी पुण्यात कितीही महत्त्वाचे काम असो.

डबीतले गळ गंजले असतील. ते घासून पुसून चकचकीत करू नयेत, जसे सापडले तसेच द्यावेत. तळाशी गुलाबी दोऱ्याची एक गुंडी असेल, तीही काढू नये.

नावेत चौथी जागा असेल तर मामाला कळवावे. काठी घेऊन आदल्या रात्रीच्या एस.टी.ने कराडला येता येईल.

कळावे.
मामाचे आशीर्वाद.