गोल पत्त्यांचा डाव

पत्ते खेळणारा माणूस वाया गेलेला असतो, अशी आमच्या घरातील जुनी समजूत. वसतिगृहात पाहावे तर ज्याला मेंढीकोट येत नाही त्याचे शिक्षणच अपुरे! या दोन मतांच्या कात्रीत सापडलेल्या मला सावंतवाडीच्या राजवाड्यात असा एक जोड पाहायला मिळाला, की दोन्ही पक्षांनी त्यापुढे हात जोडावेत. पत्ते खरे, पण गोल. आणि त्यांवर साक्षात दशावतार!

ही गंजिफा. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली जोडात आठ रंग आणि ९६ पाने असत. ताज, तलवार, नाणी असा सारा दरबारी थाट! आपल्याकडे या खेळाने ताज उतरवला आणि तो देवादिकांचा झाला. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. राजा म्हणजे खुद्द अवतार, त्याच्या खालोखाल प्रधान, आणि मग एक्क्यापासून दश्शीपर्यंत चिन्हे. मत्स्याची मासळी, कूर्माचे कासव, परशुरामाची कुऱ्हाड! प्रत्येक रंगाची जमीन वेगळी, त्यामुळे नुसती कड दिसली तरी अवतार ओळखावा. राणी मात्र या दरबारात नाही. आमच्या वर्गभगिनींनी याचा निषेध जरूर नोंदवावा!

खेळ तिघांचा, प्रत्येकाला चाळीस पाने. हुकूम नाही. पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. कोणती पाने गेली, कोणती राहिली, हे सारे डोक्यात ठेवायचे. दिवसा बसले तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने उतारी करायची. दिवे लागले की तो मान कृष्णाकडे जातो. रामजन्म भरदुपारचा आणि कृष्णजन्म मध्यरात्रीचा, हे आठवले की या नियमातली गोडी कळते.

ही पाने करायची रीतही सबुरीची. कापडाला चिंचोक्यांची खळ, वर खडूचा लेप, तो दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, मग रंगकाम आणि शेवटी लाखेचा हात. ही विद्या विझत चालली होती. १९७० नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती समजून घेतली, राजवाड्यातच कारागिरांना बसविले, आणि चितारी कुंचला वाचला.

कुंचला वाचला, डाव वाचला का? माझ्या आजीला हा खेळ तिच्या वडिलांनी शिकविला होता. लहानपणी मी हट्ट धरला की ती म्हणे, "शिकवीन रे, पण तिसरा गडी आण आधी." तिसरा कधी मिळालाच नाही. बाबांना कचेरी, आईला स्वयंपाकघर, शेजारच्या मुलांना क्रिकेट. आजी गेली. चाळीस पानांचा पंखा हातात कसा धरायचा, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचा प्रधान कसा ओळखायचा, हे तिच्याबरोबरच गेले. नियम मी पुढे इकडून तिकडून गोळा केले. पण नियम म्हणजे खेळ नव्हे, जशी पाककृती म्हणजे जेवण नव्हे.

आता गंजिफा विकत मिळते. लोक ती चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतात. कारागिराच्या पोटाला त्यातून चार घास मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पत्ता हा पिसण्यासाठी जन्मलेला असतो. हातांचा घाम लागावा, कडा झिजाव्यात, हरणाऱ्याने तो चिडून आपटावा, यात त्याचे सार्थक! जो पत्ता कधी पिसलाच गेला नाही, ते नुसते चित्र.

म्हणून सुट्टीनंतर मी एक जोड वसतिगृहात आणणार आहे. एक गडी मी आहेच. दोघे हवेत. प्राध्यापकांनाही मज्जाव नाही. मात्र दिवे लागल्यावर आले तर कृष्णाचा मान राखावा लागेल!