भिंगरीचे पाय

माझे मामा शिकारी होते असे मी म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाघाच्या मुंडक्याने सजलेला दिवाणखाना उभा राहतो. वस्तुतः मामांची सारी मर्दुमकी उमरेडच्या रस्त्यावरील आपल्या शेतातून डुकरे हुसकण्यात आणि क्वचित एखादा ससा आणण्यात खर्ची पडत असे. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि तीही संपली. मला मामांची बंदूक फारशी आठवत नाही. आठवतो तो शिकारीहून परतल्यावरचा त्यांचा नेम. मामींनी पाट मांडलेला असे, हातपाय धुवायला घागर भरलेली असे. पण मामा ओसरीवर कंदील जवळ ओढून आधी दोन्ही कुत्र्यांचे पंजे उलटून पाहत. मी भुकेने कुरकुरलो की म्हणत, "पयले कुत्र्याचे पाय पाह्य, मंग आपले धू!"

हे वाक्य मी पुष्कळ वर्षे विनोद म्हणून सांगत आलो.

निवृत्तीनंतर लातूरकडची एक कारवानी कुत्री आमच्या घरी आली. लांबसडक पाय, पाठीला लागलेले पोट आणि सशाच्या मागे धावण्यासाठीच जन्माला घातलेली ही जात! नाव ठेवले भिंगरी. नागपुरात तिला ससा कोठून मिळणार? मी तिला फिरायला नेई, एवढीच तिची शिकार. एका मे महिन्यात मला उठायला उशीर झाला आणि साडेनऊच्या सुमारास आम्ही सिमेंटच्या रस्त्याने निघालो. थोड्या वेळाने ती पाय झटकून टाकू लागली. "नखरे पुरे," म्हणून मी पट्टा ओढला. माझ्या पायांत जाड तळाचे जोडे होते, हे सांगावयास नकोच.

घरी आल्यावर पत्नीने विचारले, "फरशीवर हे कुंकू कोणी सांडले?"

पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्यांची साल निघाली होती. डाव्या पंजाचे कातडे तर पापुद्र्यासारखे लोंबत होते. भिंगरी मुळीच ओरडली नव्हती. शिकारी कुत्र्याची हीच तर अडचण आहे. धावण्याच्या भरात ते वेदना गिळते, आणि आपण त्या मुकाटपणाला काटकपणा समजतो. घाबरून मी ते लोंबते कातडे ओढून काढावयास गेलो, तेव्हा मात्र ती किंचाळली.

पशुवैद्यांनी मला रागावून सांगितले, की ते कातडे कापणे माझे काम नव्हे. माझे काम एवढेच, की पाय साध्या थंड पाण्यात धरावे, बर्फ लावू नये. कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या. पट्टी सैल बांधून रोज बदलावी. फिनेलसारखी जंतुनाशके लावू नयेत, कारण कुत्रे पाय चाटते आणि ते विष पोटात जाते. नवी कातडी घट्ट होईपर्यंत धावणे बंद. भिंगरीला बसवून ठेवणे म्हणजे वावटळीला खुर्ची देण्यासारखेच होते.

कुत्र्याच्या पंजात धमन्या व शिरा एकमेकींना अशा बिलगून असतात, की थंड जमिनीवरही शरीराची ऊब वाया जात नाही. जपानी संशोधकांनी हे 2011 साली दाखवून दिले. बर्फाचा एवढा विचार करणाऱ्या निसर्गाने नागपूरचा मे महिना पाहिलेला नसावा! तेव्हा तो विचार आपण करावा. आता मी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवतो. पाच-सात सेकंद ती टेकवत नसेल, तर आम्ही माघारी वळतो. मुरमाच्या वाटेवर रोज थोडे थोडे चालवून गाद्या निबर केल्या. नख्या कापतो. पावसाळ्यात बोटांमध्ये काळ्या मातीचे गोळे वाळून दगड होतात, ते धुऊन काढतो. मोच्याकडून बूटही शिवून घेतले होते. चार बूट घालून गेलेली भिंगरी दोन बुटांनिशी परत आली.

पण खरा वैरी कार्तिकात भेटतो. अंबाझरीकडचे गवत वाळले की त्याचे कुसळ सुटते. टोक सुईसारखे, त्यावर मागे वळलेले केस. ओल लागली की ते पीळ घेत पुढेच शिरते, मागे येत नाही. बेचकीत गेले की बाहेरून दिसते ती फक्त एक पुटकुळी, आणि आत ते वर वर चढत राहते. बाहेर टोक दिसत असेल तर चिमट्याने सरळ काढावे. आत दडले तर उकरत न बसता पशुवैद्यांकडे न्यावे. गेल्या कार्तिकात भिंगरीच्या मागच्या पायात असे एक कुसळ मला त्याच संध्याकाळी सापडले. चष्मा लावून, पायरीवर बसून, चहाच्या आधी.

मागचे दोन्ही पाय आणि पुढचा उजवा ती आता आपण होऊन माझ्या मांडीवर ठेवते. पुढचा डावा अजून देत नाही. पोटाखाली घेऊन माझ्याकडे पाहत बसते. मी हात पसरून वाट पाहतो. एखाद्या दिवशी देते. एरवी पत्नी येते, तिच्या हातात तो मुकाट्याने देते, आणि मी चष्मा पुसत काय दिसले ते विचारतो.